मुंगीचा डबा

१० मार्च

भुंग्या,

पार्सल मिळालं. खोका शाबूत होता. आत तुझ्या हातचं काही असेल म्हणून मी कागदन्‌कागद उलगडून बघितला. दूध काढायचा पंप निघाला, त्याची पुस्तिका निघाली. चिठ्ठी काही निघाली नाही.

पंप सूनबाईने कपाटावर ठेवलाय. "बघू," म्हणाली.

फोन न करता लिहितेय, कारण फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. कागदाला मध्येच अडवता येत नाही. फार तर फाडशील, पण फाडण्याआधी वाचशील, एवढं मी तुला ओळखते.

घर सोडून निघालास तेव्हा दारात मला विचारलंस, "आई, तू नक्की कुणाची?" त्याचं उत्तर आता सांगते. तू धडधाकट होतास आणि तुझी बायको सात महिन्यांची गरोदर. ज्याला माझी गरज जास्त, त्याच्याजवळ मी राहिले. "बस चालवणं सोड, नाहीतर मी जातो," असं तू म्हणालास. तिने बस सोडली नाही, तू घर सोडलंस. मुलगी झाल्याचं कळवलं तर फोनवर नुसतं "बरं" म्हणालास. आणि आता एकदम हा पंप. बाळाला दूध लागतं हे तुझ्या लक्षात आहे, याचं मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू!

मुलीला मी मुंगी म्हणते. जन्मली तेव्हा तेवढीशीच होती, आणि चिकाटीही मुंगीचीच. डोळे मिटून पीत असते, मधेच थांबते, जरा विचार करते, पुन्हा सुरू. तिच्या आईची रजा महिनाअखेरीला संपतेय. मग सकाळपासून दुपारपर्यंत मुंगी माझ्याकडे आणि दूध बाटलीत. म्हणून घरात सध्या दुसरा विषय नाही. माझ्या काळी पंप म्हटलं की सायकलचा, नाहीतर पाण्याचा. आता मला त्यातले इतके प्रकार माहीत झालेत की दुकान टाकीन.

वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई त्यांचा जुना हातपंप देऊन गेल्या. सूनबाईने तो चार वेळा दाबून बघितला आणि म्हणाली, "आई, रोज एवढं दाबलं तर मनगट कामातून जाईल. स्टिअरिंग कोण फिरवणार?" शिवाय दवाखान्यातल्या नर्सताई म्हणाल्या, दुसरीने वापरलेला पंप घेऊ नका. तेव्हा मास्तरीणबाईंना त्यांचा पंप मानाने परत केला. त्यांना वाईट वाटू नये म्हणून सूनबाई मुंगीला घेऊन त्यांच्याकडे तासभर बसून आली. हे मला सुचलं नसतं.

तब्येत सांभाळ. वेळेवर जेव.

आई


२१ मार्च

भुंग्या,

मागच्या पत्रात एक गोष्ट मी खोटी लिहिली. पंप कपाटावर ठेवलाय असं म्हटलं होतं. तो कपाटावर एक तासही राहिला नाही.

पार्सलवर पत्ता तुझ्या हाताने लिहिलेला होता. तिने तो भाग कात्रीने कापून घेतला, कुठे ठेवला मला माहीत नाही. मी स्वयंपाकघरात आहे असं समजून ती खोका मांडीवर घेऊन हसली. तू गेल्यापासून मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. हे तुला कळू नये असं मला वाटलं. तुला फार सोपं जाईल असं वाटलं. म्हणून लपवलं.

आता पुढचं ऐक, कारण ते लपवलं तर मी तुझी आई कसली!

तो पंप चोळीच्या आत बसतो. नळी नाही, वायर नाही, दोन वाट्या आत सरकवल्या की झालं. खोक्यावर एक बाई हसत हसत कपडे वाळत घालताना दाखवलीय. सूनबाईला पहिल्याच दिवशी दुखलं. मी म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, "सवय होईल." दुसऱ्या दिवशी चेहरा पांढराफटक. तरी तेच, सवय होईल. दूध निघायचं चमचाभर, आणि खाली वाकली की तेही अंगावर सांडायचं. तिसऱ्या दिवशी मी दार लोटून आत गेले तर ओठ घट्ट दाबून बसलेली, आणि वाटीच्या कडेला लाल दिसत होतं. मी तो पंप ओढूनच काढला. ती रडली नाही. म्हणाली, "त्याने पाठवलाय हो. नीट चालायला हवा होता."

त्या संध्याकाळी छातीत दगडासारखी गाठ आणि अंगात सणसणून ताप. डॉक्टरांनी औषध दिलं आणि बाळाला पाजत राहा म्हणून सांगितलं. तापाने दात वाजत होते, तरी मुंगी रडली की उठून बसायची. मी म्हणायचे, थोडं थांब. "तिला काय कळतं थांबणं," म्हणायची आणि कुशीत घ्यायची. भुंग्या, मी पुष्कळ बायका बघितल्या. धीराच्याही बघितल्या. पण दुखतंय हे माहीत असून दर वेळी तितक्याच मायेने पदर सारणारी ही पहिलीच. मी नुसती बघत राहायचे.

आता ताप उतरलाय. गाठ विरघळलीय. काळजी करू नकोस. किंवा कर. थोडी काळजी तुझ्या वाट्याला यायला हरकत नाही.

आई


२९ मार्च

भुंग्या,

तुझं पत्र आलं. दोनच ओळी, त्याही भांडणाच्या. "एवढा उत्तम पंप पाठवला तरी त्यात खोट काढलीत. मी काहीही केलं तरी चूकच."

मी ते तिला वाचून दाखवलं. रागाने दाखवलं, तिने माझ्या बाजूने रागवावं म्हणून. तर ती म्हणाली, "पंप वाईट नाही, आई. माझ्या मापाचा नाही, एवढंच. त्याने विचारलं असतं तर सांगितलं असतं."

भुंग्या, हे वाक्य पुन्हा एकदा वाच. मला त्याहून जास्त काही म्हणायचं नाही, पण लिहायला बसलेच आहे तर लिहिते.

ताप उतरल्यावर आम्ही दोघी मुंगीला घेऊन नर्सताईंकडे गेलो. त्यांनी एक भोकं पाडलेली पट्टी काढली, लहान भोकापासून मोठ्यापर्यंत, आणि स्तनाग्राचं माप घेतलं. तुला हे वाचताना अवघडेल, अवघडू दे. पंपाबरोबर आलेल्या वाट्या तिला बऱ्याच मोठ्या होत्या. म्हणून कातडी आत ओढली जायची आणि दूध मात्र निघायचं नाही. चपलेला माप असतं, चष्म्याला असतं, मग याला नसेल का! पण आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. मापाच्या वाट्या तुझ्या पंपाला मिळतात का, हे तिने तिथेच विचारलं. मिळत नव्हत्या. त्या एकाच मापाच्या येतात. मला वाटलं, आता ही हिरमुसली होईल. ती पट्टी हातात घेऊन बघत म्हणाली, "बरं झालं. मला वाटत होतं माझ्यातच काहीतरी कमी आहे."

तिथून दुकानात. बस ताब्यात घ्यायच्या आधी ती गाडीभोवती फिरते, चाकांना हात लावते, ब्रेक दाबून बघते, हे तू बघितलं असशील. दुकानात तसंच. विकणारी मुलगी सर्वांत चकचकीत पंप पुढे करून म्हणाली, "हा मोबाइलला जोडता येतो."

"मला तो मुलीला जोडायचाय," सूनबाई म्हणाली.

मग एकेक पंप सुटा करून मागितला. धुवायचे भाग किती? चार्जिंग संपायला आलं की जोर कमी होतो का? सुरू करून कानाशी धरला, दुसरा धरला. शेवटच्या थांब्यावर गाडी थोडाच वेळ उभी असते, तेवढ्यात दोन्ही बाजूंचं दूध एकदम निघेल का? वाट्या माझ्या मापाच्या मिळतील का? विकणाऱ्या मुलीला निम्म्या गोष्टी माहीत नव्हत्या, तर ही तिच्या शेजारी उभी राहून पुस्तिकेत शोधून तिलाच समजावायला लागली. शेवटी दोघी मैत्रिणी झाल्या.

निवडला तो पंप दिसायला ओबडधोबड आहे. डब्यासारखी मोटर, दोन नळ्या, दोन वाट्या. चार्ज करून नेता येतो. घरी आणून तिने माझ्यासमोर बसूनच लावला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, आता दुखेल, आता दुखेल. दुखलं नाही. बाटलीत आधी थेंब आले, मग धार लागली. तिने वर बघितलं आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसायला लागलो. मुंगी दचकून जागी झाली.

तुला एक सांगायचं राहिलं होतं, इतकी वर्षं. तू लहान होतास तेव्हा मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते. आम्ही रांगेने बसायचो आणि मागून सुपरवायझर फेऱ्या मारायच्या. छाती भरून यायची, ब्लाउजला आतून फडकी लावायचे. असह्य झालं की मोरीत जाऊन नळ सोडायचा आणि दूध पिळून टाकायचं. नळ कशाला, तर बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. तुझ्या वाटचं दूध पाण्याबरोबर जाताना मी बघितलंय. मग ते आटलं, तू पावडरच्या दुधावर वाढलास, चांगला दांडगा वाढलास. त्यात वाईट काही नाही. पण त्या दिवशी बाटली भरताना बघून मला काय वाटलं ते तुला कळावं म्हणून लिहिलं.

आई


१४ एप्रिल

भुंग्या,

तू फोनवर विचारलंस, "कामावर जायला लागली का?" आणि मी "हो" म्हटल्यावर ठेवून दिलास. पण आवाज चढवला नाहीस. म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, उंबऱ्यात तिचे पाय अडखळतील. तिने मुंगीला पाजलं, माझ्या हातात दिलं, गणवेशाची बटणं लावली, पंपाची पिशवी खांद्याला अडकवली आणि निघाली. कोपऱ्यावर वळेपर्यंत मागे बघितलं नाही. नंतर म्हणाली, "बघितलं असतं तर आलेच असते परत."

तुझ्या नंतरच्या पत्रातली एक सूचना मी तिच्या कानावर घातली होती, की तू पाठवलेला पंप गाडी चालवतानाही लावता येईल, वेळ वाचेल. ती जरा कडक झाली. "गाडीत माणसं असतात, आई. हातात स्टिअरिंग असताना मी दुसरं काही करत नाही." ती चालवत असलेल्या बसमध्ये मी डोळे मिटून बसेन, भुंग्या. तूही बसशील.

डेपोत विश्रांतीची एकच खोली. बायका-पुरुष सगळे तिथेच, कडीही लागत नाही. ती मॅनेजरकडे गेली. तिच्या बसवरची कंडक्टर, जिला सगळे शिट्टी म्हणतात, सोबत होती. तिने मला साभिनय करून दाखवलं. मॅनेजर माणूस तसा वाईट नाही, पण विषय ऐकून कागदांत तोंड घालून बसला. म्हणाला, "बायकांच्या संडासात करा ना सोय. तिथे कडी आहे."

सूनबाईने शांतपणे विचारलं, "साहेब, तुम्ही तुमचा डबा तिथे बसून खाता का?"

"म्हणजे?"

"मग माझ्या मुलीचा डबा मी तिथे का भरू?"

शिट्टी म्हणते, साहेबांचे कान टोमॅटोसारखे झाले. थोडा वेळ पेन उघडमीट केलं, मग किल्ल्यांचा जुडगा उचलून स्वतःच पुढे निघाले. प्रवाशांच्या विसरलेल्या वस्तू ठेवायची एक खोली होती, ती उघडून दिली. आत छत्र्यांचा ढीग, एकेक पायातले बूट, चष्मे, कुणाची तरी बासरी, कुबड्यांचा एक जोड. तो माणूस कुबड्या विसरून चालत कसा गेला, यावर दोघी इतक्या हसल्या म्हणे की साहेबही हसले. दुपारी त्यांनी सुतार बोलावून आतून कडी बसवून घेतली. टेबलही दिलं.

आता रोज पहिल्या फेऱ्या संपल्या की ती तिथे बसते. बाटल्या बर्फाच्या पिशवीत घालून घरी आणते आणि मी त्यांच्यावर तारीख चिकटवते. एकदा बसमध्ये कुणाचं तरी तान्हं बाळ रडायला लागलं आणि हिला स्टिअरिंगवरच पान्हा फुटला. गणवेश भिजला. आरशात बघितलं तर मागे माणसं उभी. शिट्टीने विचारलं, थांबायचं का? ही म्हणाली, "गाडी वेळेवर आहे, कशाला थांबायचं," आणि शेवटच्या थांब्यापर्यंत नेली. उतरताना त्या बाळाच्या आईने हिच्या खांद्यावर स्वतःची ओढणी टाकली आणि न बोलता निघून गेली. ओढणी इथे आहे. ती बाई पुन्हा दिसली तर द्यायची म्हणून धुऊन ठेवलीय.

आणखी दोन कंडक्टर बायका त्या खोलीत यायला लागल्यात. एकीचं बाळ आठ महिन्यांचं आहे. ती इतके दिवस काय करत होती, हे कुणी विचारलंच नव्हतं. आता त्या मापाच्या पट्टीबद्दल सूनबाई सगळ्यांना सांगत सुटलीय.

तू म्हणत होतास, बाई बस चालवते म्हणून लोक काय म्हणतील. लोक काय म्हणतात ते मी सांगितलं.

आई


५ मे

भुंग्या,

तू येऊन गेलास. मला आधी कळवलं नाहीस म्हणून रागवावं असं ठरवलं होतं, पण दार उघडलं तर ती पुढे, तू मागे आणि तुझ्या हातात तिची पिशवी. राग कुठे गेला कुणास ठाऊक. मुंगीने तुझं बोट धरलं तेव्हा मी गच्चीत कपडे काढायला गेले. कपडे वाळले नव्हते, तसेच काढून आणले.

तू गेल्यावर जे कळलं ते तुला माहीत असावं, म्हणून हे पत्र.

तुला वाटलं असेल, मागच्या दाराने चढलास आणि गर्दीत उभा राहिलास, तिला दिसला नाहीस. तिने तुला पहिल्या मिनिटाला बघितलं होतं. "आरशात दिसला," म्हणाली, "मग मी ठरवून फक्त मागच्या गाड्याच बघितल्या. नाहीतर सिग्नल चुकला असता." शिट्टी तुला ओळखत नव्हती. शेवटच्या थांब्यावर तिने तुला उतरा म्हणून दरडावलं, त्याबद्दल आता ती ओशाळलीय. मी तिला सांगितलं, ओशाळू नकोस, असं दरडावणारं कुणीतरी लागतंच त्याला.

मग सूनबाई पिशवी घेऊन त्या खोलीकडे निघाली आणि तू तिच्या मागे मागे गेलास. दाराशी काय झालं ते तिने मला सांगितलं. पोळ्या लाटता लाटता, माझ्याकडे न बघता.

"मला वाटलं, पहिलं वाक्य बसचंच निघणार. किंवा तो पंप का नाही वापरला, याचं. पण त्याने विचारलं, 'मी थांबू का?'"

मी विचारलं, "मग?"

"मी म्हटलं, वेळ लागेल. तर म्हणाला, लागू दे." लाटणं जरा थांबलं. "एवढंच विचारलं, आई. पण विचारलं."

तू बाहेर उभा असताना त्या दोन कंडक्टर बायका आल्या, तुला बघून थबकल्या आणि तू भिंतीकडे तोंड करून उभा राहिलास, हेही मला कळलं. डेपोभर झालंय ते. तुला सगळे आता भिंतवाले म्हणतात. चांगल्या अर्थाने म्हणतात, असं समज.

इकडे बदली मागणार म्हणालास. माग. मिळाली तर तुझी खोली आहे तशीच आहे, फक्त तिथे आता बर्फाच्या पिशव्या आणि बाटल्या असतात. त्या सरकणार नाहीत. तुला सरकावं लागेल. ती तुला काय उत्तर देणार ते मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही. ती माझी सून म्हणून मी तिच्याबरोबर राहिले होते. आता तसं राहिलं नाही. तुझं-तिचं जे व्हायचं ते होवो, मी तिची माणूस आहे.

तुझा तो पंप नर्सताईंच्या ओळखीच्या एका बाईकडे गेला, नवीन वाटण्याइतका स्वच्छ करून, सगळं खरं सांगून. मोटर तीच, पण दूध लागतं ते भाग तिने नवे घेतले आणि वाट्या तिला अगदी मापाच्या बसतात. आशीर्वाद पाठवलेत तिने. ते तुझेच, म्हणून कळवते.

आणखी एक. जायच्या आधी तू पंप धुऊन ठेवलास. मी आतून बघत होते. बाह्या सरसावून, पुस्तिका समोर ठेवून, एकेक भाग गरम पाण्यातून काढून फडक्यावर मांडत होतास. मांडलेस छान. जोडताना मात्र एक पांढरी रबरी झडप उलटी बसवलीस. दुसऱ्या दिवशी डेपोत पंप नुसता घुरघुरला, ओढेचना. कामाच्या गडबडीत तिला तिथे कारण सापडेना. घरी आल्यावर तिने मला ती झडप दाखवली. मला वाटलं, आता काही खरं नाही तुझं.

"बघ," मी म्हटलं, "एक काम धड केलं नाही."

तिने झडप सुलट केली, अंगठ्याने दाबून बसवली, फुंकर मारून बघितली.

"शिकेल," म्हणाली.

आई